कुत्र्यासाठी ताज्या जेवणाचं महिन्याचं सबस्क्रिप्शन : एवढे पैसे मोजावेत का?

मृण्मयी_कोथरूड
आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, गोट्या. नसबंदी झालेली आहे, वजन ३२ किलो. डॉक्टर म्हणतात २८ च्या आसपास हवं. सध्या कोरडं खाद्य देतो, दिवसाला ३८० ग्रॅम, दोन वेळात. किलोला ३९० रुपये पडतात, म्हणजे महिन्याचे साधारण साडेचार हजार.

आमच्या सोसायटीत दोघांनी ताज्या जेवणाचं सबस्क्रिप्शन घेतलंय. चिकन, कलेजी, भात, लाल भोपळा, गाजर असं शिजवून, गोठवून पाकिटं दर आठवड्याला घरी येतात. गोट्यासाठी विचारलं तर दिवसाला एक किलो, महिन्याला १०,५०० रुपये सांगितले. शेजारची बीगल त्यावर छान बारीक झाली आहे, केसही चमकतात.

घर शाकाहारी आहे. सासूबाईंचा गोट्यावर फार जीव, पण स्वयंपाकघरात चिकन शिजणार नाही आणि ते मलाही मान्य आहे. त्यामुळे घरी करून घालणं जवळपास बाद. फरक महिन्याला सहा हजारांचा, वर्षाला ७२ हजार. त्याच्या तब्येतीला खरंच उपयोग होणार असेल तर आम्ही बाकीचे खर्च आवरू. ज्यांनी वापरलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

सावनी
वाचतेय. आमच्या इंडीसाठी (देशी कुत्र्यासाठी) मीही हाच विचार करतेय.

पॉमची_आजी
मी दीड वर्षापासून घेते आणि बंद करणार नाही. आमची पॉमेरेनियन तेरा वर्षांची आहे, दात बरेचसे पडलेत. कोरडे दाणे हुंगून पाठ फिरवायची. भिजवून दिले, दही घातलं, हातानं भरवलं, काही उपयोग नाही. हे जेवण मात्र वाटी चाटूनपुसून खाते. वजन ८ किलो, महिन्याला पावणेचार-चार हजार जातात. माझ्या पेन्शनमधून देते. तिला भुकेलं झोपलेलं मला बघवत नव्हतं.

बाल्कनीतला_शेफ
मृण्मयीताई, आमचंही घर शाकाहारी. बाल्कनीत इंडक्शन शेगडी, वेगळा कुकर, वेगळी पळी आणि लहान फ्रीजर असं मांडलंय. आठवड्याला एकदा रविवारी शिजवतो. बोनलेस नाही, मांडीचं चिकन घेतो, शिजल्यावर हाडं काढून टाकतो. तांदूळ, भोपळा, फरसबी, थोडी कलेजी, वरून एक चमचा तेल. कांदा-लसूण अजिबात नाही. आमच्या ३० किलोच्या जर्मन शेफर्डला दिवसाला दीडशे रुपये खर्च येतो, वीज सोडून. आईचा सुरुवातीला विरोध होता. आता तीच वरून विचारते, "त्याचा कुकर लावलास का?"

रोखठोक
कुत्र्याच्या जेवणाला महिना साडेदहा हजार! एवढ्यात पुण्यात तीन विद्यार्थ्यांच्या मेसचे डबे येतील. माझं स्पष्ट मत, हे अति होतंय.

भूतदया
@रोखठोक, तुमचा मुद्दा मनापासूनचा आहे हे समजतं. मी आमच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांना रोज संध्याकाळी जेवण घालते. कणी, कोंबडीचे पाय आणि हळद घालून मोठ्या पातेल्यात शिजवते. मी ना मृण्मयीताईंना दोष देईन, ना तुम्हाला. घरातल्या जिवाची जबाबदारी घेतली की त्याच्या जेवणाचा विचार करावाच लागतो. फक्त पाकीट महाग आहे म्हणून ते चांगलं, एवढ्यावर कोणी थांबू नये.

चष्मिस
दर किलोवर लावू नका, कॅलरीवर लावा. कोरड्या खाद्यात पाणी साधारण १० टक्के, ताज्या जेवणात ७० च्या आसपास. तुम्ही पाण्याचेही किलोने पैसे मोजताय. शेजाऱ्यांकडून पाकिटावरचं लेबल मिळालं तर इथे टाका, पुढचं गणित मी करते.

मृण्मयी_कोथरूड
आत्ताच जाऊन पाहून आले. अर्ध्या किलोचं पाकीट, वर पांढऱ्या चरबीचा पातळ थर गोठलेला, खाली गाजराचे तुकडे दिसतात. मागे लिहिलंय: प्रथिने ११ टक्के, स्निग्ध पदार्थ ६, तंतू १, ओलावा ७०. कॅलरी कुठेच दिलेली नाही. "ह्युमन ग्रेड" (माणसांनी खाण्याजोगं) मोठ्या अक्षरात आणि खाली एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर.
आमच्या कोरड्या खाद्यावर प्रथिने २४, ओलावा १०, आणि किलोला ३,७०० किलोकॅलरी असं आहे.

चष्मिस
छान, एवढं पुरे.

प्रथिनांपासून सुरू करते. ११ आणि २४ बघून कोरडं खाद्य भारी वाटेल. पण पाणी वजा केलं की ताज्यात उरतात ३० भाग, त्यातले ११ म्हणजे जवळजवळ ३७ टक्के. कोरड्यात ९० पैकी २४, म्हणजे २७ टक्के. इथे ताजं जेवण पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं.

आता कॅलरी. प्रथिने आणि कर्बोदकांना ग्रॅममागे साडेतीन किलोकॅलरी, स्निग्धाला साडेआठ धरायची पद्धत आहे. त्या हिशोबानं या पाकिटात किलोला साधारण १,२५० किलोकॅलरी येतात (पुढे त्यांनाच नुसतं कॅलरी म्हणते). तुम्हाला पडतो ३५० रुपये किलो, म्हणजे हजार कॅलरींना २८० रुपये. सध्याच्या खाद्यात हजार कॅलरींना १०५. फरक अडीच पटींहून जास्त आहे.

आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटलं ते हे. गोट्या आज ३८० ग्रॅममधून सुमारे १,४०० कॅलरी खातो. कंपनी एक किलो सांगते, म्हणजे १,२५०. दिवसाला दीडशे कॅलरी तिथेच कमी झाल्या. कुत्रा बारीक होणारच! शेजारच्या बीगलचं असंच झालं असण्याची दाट शक्यता आहे. आहे तेच खाद्य ३८० ऐवजी ३४० ग्रॅम दिलं तरी गोट्याला तेवढ्याच कॅलरी मिळतील आणि महिन्याचे साडेचारशे रुपये वाचतील.

आणखी एक, एफएसएसएआयच्या नंबरवर विसंबू नका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्नाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. तो नंबर स्वयंपाकघराचा असेल, पण त्यावरून जेवण कुत्र्यासाठी परिपूर्ण आहे की नाही हे काहीच कळत नाही.

सावनी
चष्मिस, हे छापून फ्रीजवर लावतेय.

तात्या_लातूरकर
आमच्याकडे तीन पिढ्या पश्मी जातीची कुत्री पाळतात. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, कधी अंडं, कधी मटणाचं पाणी. शेतात सशासारखे पळतात. आमच्या आजोबांनी कधी पाकीट पाहिलं नाही. कुत्रं दिवसभर पळालं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

बाल्कनीतला_शेफ
तात्या, तुमचे पश्मी दिवसाला जेवढं पळतात तेवढं कोथरूडचा लॅब महिन्यात पळत नसेल. पण भाकरी पचते हे मात्र खरं. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. माणसाच्या चुलीजवळ राहून झालेला बदल. त्यामुळे "धान्य म्हणजे विष" असं सांगून काही जण महाग पाकीट विकतात ते पटत नाही.

न्यूजर्सीकर
इकडे ही सेवा बरीच जुनी झाली. आम्ही आमच्या कॉकर स्पॅनियलला निम्मं ताजं आणि निम्मं कोरडं देतो. अनुभव चांगला आहे. शी कमी आणि घट्ट होते, पाणी कमी पितो कारण जेवणातूनच जातं.

इथल्या पाकिटावर एक वाक्य शोधायचं असतं. आफ्को नावाची संस्था पोषणाची किमान पातळी ठरवते आणि त्याप्रमाणे लेबलवर लिहितात की हे खाद्य प्रौढ कुत्र्यासाठी, वाढत्या पिल्लासाठी की सर्व वयांसाठी "संपूर्ण आणि संतुलित" आहे. तसं नसेल तर "अधूनमधून किंवा पूरक म्हणून" असं लिहावं लागतं. युरोपातही पूर्ण आहार की पूरक आहार हे लेबलवर सांगणं बंधनकारक आहे. भारतातल्या कंपनीला सरळ विचारा, तुमचं जेवण आफ्को किंवा युरोपच्या फेडियाफ या संघटनेच्या पोषणाच्या तक्त्याप्रमाणे पूर्ण आहे का, आणि कुठल्या वयासाठी.

आणि "छोटं घरगुती किचन विरुद्ध बड्या कंपन्या" असं चित्र रंगवलं जातं, त्यावर फार जाऊ नका. पेडिग्री आणि रॉयल कॅनिन ज्यांचे, त्या मार्सनेच २०२२ मध्ये नॉम नॉम ही ताज्या जेवणाची कंपनी विकत घेतली.

गोंयकार_बाबू
आमचो टायगर पेज आनी बांगडो खाता. चौदा वर्षांचा आहे! पण काटे काढून, उकडून. इथे गावात ती पाकिटं कोणी पोचवत नाही आणि पोचवली तरी पावसात वीज गेली की फ्रीजर बंद. शहराबाहेरच्यांनी हाही विचार करावा.

पॉमची_आजी
फ्रीजरचं बरोबर आहे. माझ्या फ्रीजरमध्ये आता बर्फाचा ट्रेसुद्धा मावत नाही. आणि लॅबला दिवसाला किलो म्हणजे आठवड्याची सात किलो पाकिटं! ती ठेवणार कुठे?

श्वानवैद्य
मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकलो. जुन्या मुंबईकरांना बैलघोडा हॉस्पिटल म्हटलं की लगेच कळेल. आता ठाण्यात प्रॅक्टिस करतो. धागा सकाळपासून वाचतोय, थोडं सविस्तर लिहितो.

चष्मिस यांचं गणित बरोबर आहे. त्याला पशुवैद्यकातलं सूत्र जोडतो. वजनाचा ०.७५ घात काढून ७० नं गुणलं की विश्रांतीच्या अवस्थेतली दिवसाची गरज मिळते. गोट्याच्या २८ किलो या योग्य वजनाला ती सुमारे ८५० किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे १,३६० धरतात. पण फ्लॅटमधल्या लॅबला १.२ ते १.४ पटसुद्धा पुरते हे मी रोज पाहतो. वजन उतरवायचं असेल तर त्याहून खाली यावं लागतं, आणि ते आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बरगड्या तपासायला शिका. मूठ घट्ट वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या तशा टोचत असतील तर कुत्रा फार बारीक आहे. हात सरळ पसरून पालथ्या पंजाच्या पाठीवरून बोट फिरवा, तसं लागलं तर वजन योग्य. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर जास्त. हे दर पंधरा दिवसांनी करा, पाकीट कुठलंही असो.

वजनाला एवढं महत्त्व का देतो, तर ४८ लॅब्रॅडॉरवर झालेला एक दीर्घ अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. त्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री जिथवर जगली ते वय) जवळजवळ १.८ वर्षांनी जास्त भरलं आणि सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. ताज्या जेवणाबद्दल इलिनॉय विद्यापीठाच्या चाचण्यांत पचनीयता जास्त आणि विष्ठा कमी असं दिसलंय, न्यूजर्सीकर म्हणतात तेच. पण त्यानं आयुष्य वाढतं हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. कोणी तसा दावा करून पैसे मागत असेल तर मला राग येतो, कारण प्रेम करणारी माणसं त्याला बळी पडतात.

आता बाल्कनीतल्या शेफसाहेबांना कळकळीनं सांगतो. तुम्ही मन लावून करताय, हाडं काढता, कांदा-लसूण टाळता, फार चांगलं. पण त्या पातेल्यात कॅल्शियम कुठे आहे? १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून जास्त लागतं. प्रौढ कुत्रा काही महिने काढतो, शरीर हाडांतून उसनं घेतं. पिल्लू असेल तर पाय वाकतात. अंड्याच्या कवचाची बारीक पूड कॅल्शियम भरून काढते, पण जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व तिच्यात मिळत नाही. २०१३ साली डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के कृतींमध्ये किमान एक आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यातल्या अनेक कृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा पोषणतज्ज्ञाकडून कृती तपासून घ्या आणि ते सांगतील ते सप्लिमेंट मोजून घाला.

नेमका हाच प्रश्न ताज्या जेवणाच्या पाकिटालाही लागू आहे. भात, चिकन, भोपळा एवढेच घटक लिहिलेले असतील आणि खनिजं-जीवनसत्त्वांचं मिश्रण नसेल, तर ते घरगुती जेवणच आहे, फक्त साडेदहा हजारांचं.

बाल्कनीतला_शेफ
डॉक्टर, मनापासून आभार. या शनिवारीच कृती घेऊन आमच्या डॉक्टरांकडे जातो.

रोखठोक
डॉक्टर, मग लॅब कुठलंही जेवण आवडीनं खातो त्याचा अर्थ काय?

श्वानवैद्य
काहीच नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की लॅब्रॅडॉरमध्ये जवळजवळ चारातल्या एकाला पीओएमसी या जनुकाचा छोटा तुकडा नसतो आणि त्या कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. लॅबनं वाटी चाटली हा दर्जाचा पुरावा नाही. म्हाताऱ्या, दात गेलेल्या, जेवण सोडलेल्या पॉमनं वाटी चाटली तर मात्र ती फार मोठी गोष्ट आहे. आजी, तुम्ही योग्य करताय. फक्त वर्षातून दोनदा तिची मूत्रपिंडं तपासून घ्या. फॉस्फरसवर लक्ष ठेवावं लागतं.

पॉमची_आजी
पुढच्या आठवड्यात रक्त तपासायला नेते डॉक्टर. तुमचं हे वाचून बरं वाटलं.

सावनी
आमच्या शेजारणीला गेल्या मे महिन्यात फार त्रास झाला होता. पाकिटं गेटवर दुपारभर पडून राहिली, वर घेतली तेव्हा पाणी सुटलेलं. कंपनी म्हणाली पुन्हा गोठवा. तिनं सगळं फेकलं. असं करावं का?

श्वानवैद्य
फेकलं ते उत्तम केलं. उन्हात तासन्तास राहिलेलं शिजलेलं मांस पुन्हा गोठवून चालत नाही, गोठवल्यानं जंतू मरत नाहीत. घरी पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

चष्मिस
सबस्क्रिप्शन शब्दावरून पैशाचं एक सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांपर्यंतचे नियमित व्यवहार एकदा परवानगी दिली की ओटीपीशिवाय कापले जातात. १०,५०० त्यात बसतात. २४ तास आधी सूचना येते, ती वाचत जा. कुत्र्यानं खाल्लं नाही तरी पैसे कापले जातात. थांबवायचं असेल तर बँकेच्या ॲपमधून मॅंडेट, म्हणजे ती परवानगी, रद्द करता येतं, कंपनीच्या होकाराची वाट बघू नका.

तात्या_लातूरकर
आमच्या पश्मीच्या दूध-भाकरीत अंडं रोज वाढवलं तर चालेल का डॉक्टर? हे सगळं वाचून काळजी वाटायला लागली.

श्वानवैद्य
अवश्य तात्या, उकडून द्या. दुधानं पोट बिघडत असेल तर ताक बरं. शक्य असेल तेव्हा मांस, कलेजी थोडी. लातूर भागातले पश्मी आपला ठेवा आहेत, तुमच्यासारखी माणसं जपताहेत म्हणून टिकलेत. गाभण कुत्री किंवा पिल्लं असतील तेव्हा मात्र नुसत्या भाकरीवर ठेवू नका, त्या काळात जवळच्या सरकारी पशुवैद्यकांना विचारून खनिज मिश्रण सुरू करा.

न्यूजर्सीकर
मृण्मयीताई, मधला मार्ग सुचवतो. मूळ आहार कोरडाच ठेवा आणि ताजं थोडं वर घाला. इकडे बरेच जण तसं करतात.

श्वानवैद्य
चालेल. पाकीट पूर्ण आहार नसेल तर ते दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत ठेवा, म्हणजे संतुलन बिघडत नाही. गोट्याच्या बाबतीत ते शंभर ग्रॅम होतं, आणि तेवढ्या कॅलरीचे कोरडे दाणे, सुमारे ३४ ग्रॅम, वाटीतून कमी करायचे. कमी करायचं विसरू नका.

मृण्मयी_कोथरूड
सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कंपनीला न्यूजर्सीकरांचा प्रश्न विचारला आणि कॅलरीही विचारल्या. मुलगी फोनवर फार आपुलकीनं बोलली. कॅलरीचा आकडा त्यांच्याकडे नव्हता. "संपूर्ण आहार आहे का" यावर उत्तर आलं की आम्ही ताजे घटक वापरतो आणि डॉक्टरांनी मेनू पाहिला आहे. आफ्को किंवा फेडियाफचा तक्ता नाही. शेवटी लेखी मागितलं तर "प्रौढ कुत्र्यांसाठी पूरक" असं कळवलं. पूरक जेवण गोट्याचं पूर्ण जेवण म्हणून विकत होते, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्यामुळे आम्ही ते घेत नाही. कोरडं खाद्य ३४० ग्रॅमवर आणलंय. सासूबाईंनी उकडलेल्या भोपळ्याचे तुकडे त्यात मिसळायचं ठरवलंय, त्यानं त्याचं पोट भरल्यासारखं होतं. सबस्क्रिप्शन न घेतल्यानं वाचणाऱ्या पैशातून एक हजार रुपये दर महिन्याला त्याच्या औषधपाण्यासाठी वेगळे ठेवणार. आणि ज्या कंपनीकडे लेखी तक्ता असेल तिची ताजी पाकिटं तो म्हातारा झाला की बघू, पॉमच्या आजींसारखी.

सावनी
मृण्मयी, तू लेखी विचारलेले प्रश्न कंपनीचं नाव काढून इथे टाकशील का? मलाही तसंच विचारायचंय, काय शब्द वापरायचे ते कळेल.

मृण्मयी_कोथरूड
हो. मी एवढंच विचारलं होतं: "एका पाकिटात किती किलोकॅलरी आहेत? कुठल्या वयासाठी संपूर्ण आहार आहे? कोणत्या तक्त्याप्रमाणे? कृती कोणी तयार केली आणि त्यांचं पशुपोषणातलं शिक्षण काय?" चौथ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

श्वानवैद्य
चारही प्रश्न चोख आहेत. भोपळा बिनमिठाचा, बिनफोडणीचा, आणि सुरुवातीला दोन चमच्यांपुरताच. महिन्याभरानं वजन करा. बहुतेक दवाखान्यांत काटा दाराशीच असतो, नुसतं वजन करायला अपॉइंटमेंट लागत नाही.